महावितरणचा वार्षिक अहवाल विधिमंडळात ठरलेल्या तारखेला आलाच पाहिजे, पटतंय का?

बिलधारक: २००५ ला वीज मंडळाचे तुकडे झाले, महावितरण कंपनी झाली, मालकी शेवटी राज्य सरकारचीच म्हणजे आपली. सरकारी कंपनीचा ऑडिटर कॅग (देशाचे महालेखापरीक्षक) नेमतं, वर कॅगचं पुरवणी ऑडिटही होतं, छानच आहे. पण कंपनी कायदा २०१३ चं कलम ३९५ बघा, अहवाल एजीएमनंतर (भागधारकांच्या वार्षिक सभेनंतर) तीन महिन्यांत तयार करायचा आणि मग विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचा "शक्य तितक्या लवकर". तारीखच नाही! हे अधिवेशन हुकलं तर पुढचं, कोण विचारतंय? तारीख घाला आणि उशीर झाला तर मंत्र्यांनी सभागृहात कारण सांगावं.

खतावणी: अजिबात पटलं नाही. इंटर्नल ऑडिट, स्टॅच्युटरी ऑडिट, कॉस्ट ऑडिट, कॅग, शिवाय वीजदर ठरवणाऱ्या वीज आयोगाची छाननी. अजून किती तपासायचं? मार्चअखेर महावितरणच्या डिव्हिजन ऑफिसात बसून बघा एकदा, थकबाकीचा ताळमेळ लावता लावता रात्र होते. पटलावर ठेवलेला अहवाल किती आमदार उघडतात? खरा पैसा दरवाढीच्या याचिकेत ठरतो, वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे आयोगाला १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याआधी आपल्या हरकती ऐकाव्या लागतात. जोर तिथे लावा.

बिलधारक: अहो पण हरकत कशाच्या जोरावर घेणार? ट्रू-अपमध्ये, म्हणजे मंजूर आणि प्रत्यक्ष खर्चाचा मेळ घालताना, झालेला खर्च मंजूर खर्चापेक्षा जास्त निघाला आणि आयोगाला तो पटला की फरक व्याजासकट पुढच्या दरात येतो. तेव्हा ऑडिट झालेले आकडे, त्यावरचे कॅगचे शेरे आधीच हातात नकोत का? आणि वीज आयोगाचं स्वतःचंही तेच, २००३ च्या वीज कायद्यात कलम १०४ चे हिशेब आणि १०५ चा अहवाल, दोन्हीकडे तेच "शक्य तितक्या लवकर".

वऱ्हाडी: तुम्ही दोघंही कागदातच अडकले. आमच्याकडे कितीतरी शेतीपंपांना मीटरच नाही, वापर अंदाजाने लावतात. शेतकऱ्याच्या नावावर युनिट जास्त टाकले की वीजगळती आपोआप कमी दिसते. ऑडिटर खतावणी बघतो, फीडरवर (गावाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) कोण जाऊन मोजतं? फीडरचं मीटर रीडिंग दर महिन्याला ऑनलाइन टाका, मग तारखेचं बघू.

खतावणी: हे मात्र मान्य. पण फीडरचा आकडा आर्थिक ऑडिटमध्ये येत नाही, तो एनर्जी ऑडिटचा, म्हणजे युनिटच्या हिशेबाचा भाग, दोन्हीची सरमिसळ नको.

बिलधारक: सरमिसळ नकोच, पण दोन्ही एकाच अहवालात शेजारीशेजारी छापा ना, किती युनिट विकत घेतले, किती मोजून विकले, किती अंदाजाने. आणि मराठीत छापा.