मुलांना पैशाचा व्यवहार कसा शिकवलात? (अनुभव धागा)

होटगी रोडकर
भाचा यंदा बारावीत. चहापासून चार्जरपर्यंत सगळं स्कॅन करून घेतो आणि वीस तारखेला म्हणतो, "मामा, पैसे कुठं गेले कळंना." बचतीवर भाषण देणारे आमच्या घरात चार जण आहेत, त्यांचं तो ऐकत नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत आणि त्यातलं काय लागू पडलं, ते लिहा.

शेंगाचटणी
सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीची भिशी मी चालवते. अर्धा हिशेब तेलुगूत, अर्धा मराठीत. लेक अकरावीला गेली तशी वही तिच्या हातात दिली. दहा जणी, महिन्याला दोन-दोन हजार, लिलावाची भिशी: जमलेल्या २०,००० पैकी सगळ्यांत कमी घ्यायला तयार होईल तिनं त्या महिन्याची उचलायची. पहिल्याच महिन्यात घरी लग्न असलेल्या एकीनं ती १७,००० ला उचलली. उरलेले ३,००० दहा जणींत वाटले, प्रत्येकीला ३००. लेक म्हणाली, "आई, हे तर व्याजच की!" घाई असेल तिनं भरायचं, थांबेल तिनं खायचं. मग तिनंच विचारलं, एखादी उचलून गेली तर? बँक बुडाली तर विम्यातून ५ लाखांपर्यंत ठेव परत मिळते. इथं नुसती ओळख. म्हणून बाईसाहेब भिशीत शिरल्याच नाहीत, पोस्टात महिना १०० रुपयांची आवर्ती ठेव काढून आल्या. वही मात्र अजून चोख लिहिते.

जुळे सोलापूर
गड्ड्याच्या यात्रेला पोराला फोन न देता रोख दिले. पाळण्यात दोनदा बसल्यावर खिसा चाचपायला लागला. स्कॅन करताना हे होत नाही.

खडूफळा
कॉलेजात शिकवतो. चक्रवाढ व्याज फळ्यावर मांडलं की पोरं जांभया देतात. म्हणून क्रेडिट कार्डाचं बिल नेतो. थकबाकी ३०,०००, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,०५०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, १८९. 'किमान रक्कम' म्हणून १,५०० भरले, तर मुद्दलातून किती गेले? २६१. एवढं मांडलं की वर्ग गप्प होतो. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "सर, मग किमान कशाला म्हणतात बे हे?" 'बे' माफ केलं.

विडीघरकुल
खर्चाची वही लिहा, पॉकेटमनी द्या, हे सगळं वाचलं. आमच्याकडं आई विड्या वळायची. हजाराच्या हिशेबानं मजुरी, ती आठवड्याच्या किराण्यात जायची. वहीत लिहायला उरणार काय? आमच्यासारख्या घरात बचतीच्या आधी कर्ज शिकवावं लागतं. दारावर गटाचं कर्ज घेऊन येणारे 'बारा टक्के फ्लॅट' सांगतात. ५०,००० वर वर्षाचे ६,००० व्याज, ऐकायला सोपं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र अख्ख्या पन्नास हजारांवरच लागतं. खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. मी वस्तीतल्या मुलींना एवढंच शिकवते: सहीआधी दोन प्रश्न विचारा. एकूण किती भरायचे? वार्षिक दर लिहिलेला कागद कुठाय? १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना सगळे आकार धरून वार्षिक दर दाखवणारं पत्रक देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. एका मुलीनं हे विचारल्यावर वसुलीवाला "उद्या आणतो" म्हणून गेला. आलाच नाही.

शेंगाचटणी
विडीघरकुल, खरंय. हा कागदाचा प्रश्न आता लेकीलाही सांगते.

गाववाला
हॉस्टेलवर अर्धी पोरं शेअर बाजारात ऑप्शन्स (भाव चढेल की पडेल यावरचे सौदे) करायलेत. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची आकडेवारी दाखवली: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात. रूममेट म्हणतो, "मी सातातला हाय." याला काय शिकवणार?

खडूफळा
गाववाला, त्याला वर्षभराचा नफा-तोटा दलाली आणि कर धरून काढायला लाव. पुढं बोलायची गरज पडत नाही.

होटगी रोडकर
सगळ्यांचे आभार. भाच्याला महिन्याचं लाइट बिल, गॅस आणि त्याचा रिचार्ज एकाच रकमेत देऊन बघतो. एक शंका आहे: त्याचं खातं आईच्या देखरेखीखाली आहे, जानेवारीत अठरा पूर्ण होतील. काही करावं लागतं का?

खडूफळा
हो. बँक नव्यानं सही घेते आणि खातं कोण चालवणार ते लिहून घेते. त्यालाच एकट्याला पाठवा, फॉर्म त्यालाच भरू दे.