बायपास फिल्टर आणि सिंथेटिक ऑइल: आपल्याकडच्या ट्रकांना त्याचा खरोखर उपयोग आहे का?

जालन्याचा वाहतूकदार:
सळईची वाहतूक करणारे अनेक गाडीमालक सध्या बायपास फिल्टरविषयी विचारत आहेत, म्हणून माझे मत मांडतो. इंजिनाच्या नेहमीच्या फिल्टरमधून सगळे ऑइल सतत जावे लागते, त्यामुळे त्याचा कागद फार बारीक ठेवता येत नाही आणि साधारण 20 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण बऱ्याच प्रमाणात निसटतात. बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो आणि झीज करतात ते हेच निसटलेले कण. बायपास फिल्टर प्रवाहाचा दहावा किंवा त्याहून कमी हिस्सा बाजूला घेतो, दोन-तीन मायक्रॉनपर्यंतची घाण अडवतो आणि ऑइल सावकाश इंजिनाखालच्या चेंबरमध्ये परत सोडतो. जोडीला सिंथेटिक ऑइल असेल, तर ते टर्बोच्या उष्णतेत लवकर खराब होत नाही, बदलण्याची मुदत वाढते आणि गाडी उभी राहण्याचे दिवस वाचतात. माझ्या मते दोन्हींचा खर्च वसूल होतो.

लातूरचा मिस्त्री:
मालक, फिल्टरचे काम आपण बरोबर सांगितले आहे, पण आपल्याकडची धूळ इंजिनात शिरते ती हवेवाटे. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप चिरलेला असतो, क्लॅम्प सैल असतो, किंवा फिल्टर जवळून जोरात हवा मारून ‘साफ’ केलेला असतो आणि त्यात कागदच फाटलेला असतो. बायपास फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी ही धूळ रिंगा आणि लायनर खाऊन आलेली असते. ऑइलच्या प्रयोगशाळेतील अहवालात सिलिकॉन, म्हणजे धुळीचा अंश, वाढलेले दिसले, तर आधी तो पाइप बघावा.

सिंथेटिकचा सर्वांत ठळक फायदा गोठवणाऱ्या थंडीत इंजिन सुरू करताना दिसतो. परभणीच्या ऐन कडाक्यातही पारा शून्याखाली जात नाही आणि साधे 15डब्ल्यू-40 ग्रेडचे ऑइल त्याहून कितीतरी जास्त थंडीत चालते. मग दुप्पट-तिप्पट पैसे कशासाठी मोजायचे?

जालन्याचा वाहतूकदार:
पाइपाचा मुद्दा मान्य आहे, मिस्त्री, पण काजळी बाहेरून येत नाही. ईजीआर असलेल्या इंजिनात जळालेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो, त्यामुळे ऑइलमध्ये काजळी अधिक उतरते. तिच्यासाठी एअर फिल्टर काय करणार? आणि थंडी सोडा, एप्रिल-मे महिन्यांत 42 अंशांच्या उन्हात भरलेली गाडी घाट चढते, तेव्हा टर्बोच्या बेअरिंगजवळ काय होत असेल, याचाही विचार व्हावा.

लातूरचा मिस्त्री:
उन्हाचे म्हणणे पटते. काजळीचे पटत नाही. चांगल्या ऑइलमधली द्रव्ये काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाहीत, ते एका मायक्रॉनपेक्षाही लहान ठेवतात. मग दोन मायक्रॉनचा फिल्टर त्यांना कसा अडवणार? ते गोळा होऊन अडकू लागले, तर ती द्रव्ये संपली आहेत असे समजावे, आणि तेव्हा ऑइल बदलण्यावाचून उपाय नसतो.

बीडचा ऊस वाहतूकदार:
आपण दोघेही किलोमीटरवर बोलत आहात. गाळप हंगामात कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत गाडी पुढे सरकत राहते, बरेच चालक इंजिन बंदच करत नाहीत, आणि किलोमीटरचा आकडा तेवढाच राहून ऑइल मात्र म्हातारे होते. अशा वेळी न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते, आणि विरघळलेले डिझेल कोणताही बायपास फिल्टर वेगळे काढत नाही. मी गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून ठेवतो. डाग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा पसरला, तर ठीक. मध्ये डांबरासारखा काळा ठिपका रेखीव कडेने थांबला, तर ऑइलची घाण धरून ठेवण्याची ताकद संपली आहे. ठिपक्याबाहेर फिकट, तेलकट कडे दिसले, तर डिझेलचा संशय घ्यावा.

नांदेडचा गाडीमालक:
दोन गोष्टी राहिल्या. बायपासची नळी दाबाखालच्या ऑइलमार्गातून काढतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती चॅसीला घासून फुटली, तर चेंबर रिकामे व्हायला वेळ लागत नाही. शिवाय वॉरंटीतल्या गाडीला ती बसवण्याआधी कंपनीकडून लेखी परवानगी घ्यावी. आणि बीएस-6 गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर कमी राखेचे, निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे ऑइलच लागते. डब्यावर नुसते ‘सिंथेटिक’ लिहिलेले असून भागत नाही.

जालन्याचा वाहतूकदार:
नळीचा धोका खरा आहे, म्हणून ती रबरी आवरणात आणि पक्क्या पट्ट्यांनी बांधावी. बायपासबाबतचे माझे मत बदललेले नाही, मात्र तो बसवला म्हणून मुदत लगेच वाढवू नये. ठरलेल्या मुदतीलाच ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि घट्टपणा, लोखंड (झिजेचा अंश) व टीबीएन (ऑइलची आम्ल मारण्याची उरलेली ताकद) तिन्ही ठीक असतील तरच पुढचे ठरवावे.

लातूरचा मिस्त्री:
नमुना द्यायचाच असेल, तर बायपास बसवण्याआधीही एक द्यावा, मालक. कित्येकांना साध्या फिल्टरवरच मुदत वाढवता येते, हे त्या कागदावर दिसेल.