कर्मेल डोंगरावरचे लोक खरंच दुटप्पी होते का?

पिंपळपान:
बायबलमधली गोष्ट. कर्मेल डोंगरावर एलिया या संदेष्ट्याने (देवाचा निरोप सांगणाऱ्याने) जमलेल्या इस्राएलींना विचारलं, दोन्हीकडे लंगडत किती दिवस चालणार? देव याहवे (इस्राएलींचा देव) असेल तर त्याच्यामागे जा, बआल (कनानी लोकांचा पावसाचा देव) असेल तर बआलमागे. त्यानंतरची ओळ मला जास्त बोचते: लोकांनी एका शब्दानेही उत्तर दिलं नाही.

त्यांनी याहवेला सोडलं नव्हतंच. त्या मुलखात नाईलसारखी नदी नाही, पीक सगळं पावसावर, आणि पाऊस बआलचा. म्हणून दोन्ही डगरींवर हात. होशेय हा संदेष्टा म्हणतो, एफ्राईम, म्हणजे इस्राएल, ही न उलथलेली भाकर. निखाऱ्यावरची अशी भाकर डोळ्यांसमोर आणा: खाली करपलेली, वर ओलं पीठ. कुणाच्या पोटात जाणार ती? संदेष्ट्यांचा राग या कच्चेपणावर होता आणि तो रास्त होता, असं माझं ठाम मत आहे.

चिंचबन:
अजिबात सहमत नाही. कच्चेपणा संदेष्ट्यांना दिसला, लोकांना नाही. सीनायच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूदला १९७५-७६ साली उत्खनन झालं. इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या मोठ्या रांजणांवर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले सापडले. शोमरोन ही इस्राएलची राजधानी, अशेरा हे एका जुन्या देवीचं नाव. लिहिणाऱ्याचा हा घरचा धर्म होता. इस्राएलच्या शौल राजाच्या मुलाचं नावच एश्बाल, म्हणजे नावातच बआल. पुढच्यांना ते खपलं नाही म्हणून ईश-बोशेथ झालं. बोशेथ म्हणजे लाज. ज्याला तुम्ही भेसळ म्हणता तेच जुनं आहे, गाळून घेणं नंतरचं.

यिर्मया संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात तक्रार करतो: पोरं लाकडं गोळा करतात, बाप जाळ लावतात, बाया आकाशराणी या देवीच्या पोळ्यांसाठी पीठ मळतात. मला तर त्यात एकदिलाने राबणारं घर दिसतं. यरुशलेम पडल्यावर इजिप्तमध्ये गेलेल्या बायांनी त्याला तोंडावर सांगितलं, राणीला धूप जाळत होतो तोवर पोटभर खात होतो. थांबवलं आणि तलवार, दुष्काळ नशिबी आला. नवऱ्यांना न विचारता का केलं आम्ही?

पिंपळपान:
अशेरा म्हणजे देवी की लाकडी खांब, हा वाद मिटलेला नाही. पण जुनं तेच होतं, हे मान्य. म्हणून ते बरोबर ठरत नाही. बायांचं उत्तर नीट वाचा: जो पोट भरेल तो देव. होशेयचा झगडा याच्याशीच आहे. बआल म्हणजे मालक, धनी. याहवे म्हणतो, मला ‘माझा धनी’ म्हणू नकोस, ‘माझा नवरा’ म्हण. पोटासाठी धनी बदलता येतो. हे नातं तसं नाही, एवढंच तो जीव तोडून सांगतोय.

रेवदंडा:
एक कोकणातली गोष्ट. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, नवस फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. मलिदा हा शब्द दर्ग्यावरही चालतो. ताट इथलं, प्रार्थना हिब्रू, देव एकच. शेजाऱ्याची रीत घेणं आणि शेजाऱ्याचा देव घेणं यांत फरक करा, नाहीतर दोघेही एकाच मापाने सगळ्यांना मोजाल.

चिंचबन:
फरक मान्य, पण संदेष्टेही एका मापाने मोजत नव्हते. अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा झाल्यावर अलीशा या संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे होमबली फक्त याहवेला. पण राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा म्हणतो, शांतीने जा. एलियाचा शिष्य हा! त्याने कर्मेलचा प्रश्न का नाही विचारला?

पिंपळपान:
कारण नामानने आधीच उत्तर दिलं होतं. आपला देव कोणता आणि वाकायचं कशामुळे, हे तो न लपवता बोलला. कर्मेलवरचे गप्प होते.

चिंचबन:
इजिप्तमधल्या बाया कुठे गप्प होत्या?