जन्मनोंद झाली की मुलाचे नाव आरोग्य योजनेतही आपोआप चढावे का?

मूळ मांडणी : मांजराकाठ (बीड जिल्हा)

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मिळून आज महाराष्ट्रातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत मिळण्याची सोय आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या आणि केशरी कार्डांबरोबर शुभ्र कार्डधारकांनाही त्यात घेतले, त्यामुळे ‘आमचे कुटुंब योजनेत बसते का’ हा प्रश्न बहुतेकांपुरता मिटला आहे. मुलांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. कुटुंब पात्र, आजी पात्र, बाप पात्र, आणि ज्याला उपचार हवेत ते दीड वर्षांचे मूल मात्र कोणत्याच कागदावर नाही, अशी घरे आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत.

मी शिकवते त्या गावातली निम्मी माणसे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. हंगामात जन्मलेल्या बाळाची नोंद जन्म झाला तिथेच होते. त्या प्रमाणपत्रावर बाळाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते. आईचे नाव आधारप्रमाणे माहेरचे लागते, कार्डावर असलेच तर सासरचे असते. पुष्कळदा ते सासरच्या कार्डावर नसतेच, कारण वडिलांच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला माहेरच्या तहसिलीतून आणायचा राहून गेलेला असतो. म्हणजे बाळाचे नाव चढवण्यासाठी आधी आईचे चढवायचे, आईचे चढवण्यासाठी दुसऱ्या तालुक्यातून कमी करायचे, आणि हे सगळे हंगाम संपल्यावर, हाताशी असलेल्या चार महिन्यांत, रोजगार बुडवून करायचे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाच्या हृदयाला छिद्र असल्याचे अंगणवाडीतल्या तपासणीत समजले. शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याआधी त्याच्या आईवडिलांची सारी धडपड या तीन नावांचा मेळ घालण्यात गेली.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हा शाळाप्रवेशापासून अनेक कामांचा मुख्य पुरावा ठरला आहे. जन्मनोंदींची माहिती शिधापत्रिकांचे काम पाहणाऱ्या यंत्रणेला देण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. मग जन्म नोंदवला गेला की ते मूल आईच्या नावाखाली आरोग्य योजनेत आपोआप का दाखल होऊ नये, आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत केवळ एखादा कागद नाही म्हणून त्याचे नाव निघणार नाही अशी हमी शासनाने का देऊ नये? पात्रता ठरवणारी माहिती सरकारच्याच दोन कार्यालयांत पडून असताना ती एका कार्यालयातून दुसऱ्यात नेण्याचे काम आपण सर्वांत गरीब बाईवर टाकले आहे, हे मला अन्याय्य वाटते.

प्रतिसाद : पुरवठा शाखेतून निवृत्त

आपली तळमळ समजते, परंतु उपाय पटत नाही. पुरवठा शाखेत उमेदीची वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आपोआप चढलेले नाव चुकले तर ते दुरुस्त करणे नव्याने चढवण्यापेक्षा अवघड असते. आपणच सांगितलेले उदाहरण घ्या. आई कागदोपत्री माहेरच्या कार्डावर आहे. मग मूल आजोबांच्या केशरी कार्डावर चढवायचे की बापाच्या पिवळ्या? संगणक जे पुढे येईल ते उचलेल, आणि पुढे धान्याचा कोटा, उत्पन्नाची वर्गवारी, शाळेची शिष्यवृत्ती या सगळ्यांत ती चूक झिरपत जाईल.

दुसरे, पडताळणीचा कंटाळा येतो म्हणून ती अनावश्यक ठरत नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, हा शासनाचा खुलासा खराच आहे. तरीही नोंदणी घाईने उरकली की काय होते ते त्यातून दिसते. बनावट कागदांवर दाखले दिल्याच्या तक्रारींवरून विलंबित जन्मनोंदींची फेरतपासणी राज्याला २०२५ मध्ये हाती घ्यावी लागली, तेही आठवावे.

तिसरे म्हणजे, नियमात वाट आहे. कार्डावर नाव नसलेल्या बालकासाठी जन्म प्रमाणपत्र, आई किंवा वडिलांबरोबरचे छायाचित्र आणि पालकांची शिधापत्रिका एवढ्यावर फुले योजनेत उपचार मिळू शकतात. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र हा योजनेचा मदतनीस बसतो तो यासाठीच. ही वाट लोकांना माहीत करून द्यावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी, दाखल्यांसाठी गावात शिबिर घ्यावे. नाव चढवून घेण्याची पालकांची जबाबदारी मात्र काढून घेऊ नये.

प्रतिसाद : बालरुग्ण विभागातली समाजसेविका

छायाचित्राची वाट आहे आणि तिने पुष्कळ मुले वाचली आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु ती वाट आईच्या नावाशी येऊन अडते. प्रमाणपत्रावर एक आडनाव आणि शिधापत्रिकेवर दुसरे, असे असले की पूर्वमान्यतेचा प्रस्ताव शंका काढून परत येतो. मग कोणी विवाह प्रमाणपत्र मागतो, कोणी प्रतिज्ञापत्र, कोणी तहसीलदारांचे पत्र. आरोग्यमित्र चांगला असेल तर तासाभरात मार्ग निघतो. नवखा असेल तर वडील संध्याकाळच्या गाडीने गावी जातात आणि आई खाटेशेजारी एकटी राहते.

नाव टिकण्याकडे तर दोघांनीही पुरेसे पाहिलेले नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे निळे आधार बोटांच्या ठशांशिवाय मिळते. पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे व बुबुळे नोंदवावी लागतात, आणि सातव्या वर्षापर्यंत हे केले नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकते. शिधापत्रिकेतील प्रत्येक सदस्याच्या ई-केवायसीची मोहीम राज्यात मुदती वाढवत चालली ती याच आधारवर. एकदा नाव चढले की काम झाले असे पालक धरून चालतात आणि सहा-सात वर्षांच्या, दात पडू लागलेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात येतात, तेव्हा त्याचे आधार चालत नसल्याचे कळते.

तरीही मूळ लेखिकेशी माझा एक मतभेद आहे. आपोआप नोंदणीने खोटा दिलासा मिळण्याची भीती मला वाटते. योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांची आहे. रोजचा ताप, खोकला, बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात येत नाही, आणि मुलांची शस्त्रक्रिया करणारे अंगीकृत रुग्णालय कित्येक तालुक्यांपासून दूर आहे. यादीत नाव आहे, पण कुठे जायचे हे सांगणारे कोणी नाही, अशी स्थिती व्हायला नको. म्हणून पैसा आणि माणसे आधी त्या सांगणाऱ्या व्यक्तीवर खर्च व्हावीत.

प्रतिसाद : न्यू जर्सीहून

अमेरिकेतला अनुभव इथे थेट लागू पडतो, म्हणून लिहीत आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इथे मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना आहे आणि त्याहून थोड्या वरच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी १९९७ पासून चिप नावाची योजना आहे. साथीच्या काळात, मार्च २०२० पासून, मेडिकेडमधून कोणाचेही नाव सहसा काढायचे नाही असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ रोजी संपला आणि फेरतपासणी सुरू झाली. अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे निघाली, आणि त्यांतली दहापैकी सुमारे सात प्रक्रियेच्या कारणाने निघाली. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, अर्ज वेळेत परत आला नाही, अशी ती कारणे होती. ही माणसे अपात्र असल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते.

त्यातही मुलांच्या बाबतीत घडलेला प्रकार पुरवठा खात्याच्या अनुभवी गृहस्थांनी लक्षात घ्यावा अशी विनंती आहे. मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा पालकांपेक्षा बरीच वर असते. अनेक राज्यांच्या संगणकांनी मात्र प्रत्येक व्यक्ती वेगळी न तपासता सारे कुटुंब एकत्र तपासले आणि पात्र मुलांनाही पालकांबरोबर बाहेर काढले. सप्टेंबर २०२३ मध्ये ही चूक उघड झाल्यावर सुमारे पाच लाख लोकांना परत घ्यावे लागले, आणि त्यांत मुलेच पुष्कळ होती. तेव्हा आपोआप चालणारी यंत्रणा चुकते, हे आपले म्हणणे खरे आहे. पण ती नावे काढतानाही चुकते, आणि त्या चुकीची किंमत आजारी मूल भरते.

इथे १ जानेवारी २०२४ पासून सर्व राज्यांना एक बंधन आहे. मूल एकदा पात्र ठरले की वर्षभर, मधल्या काळात घरचे उत्पन्न बदलले तरी, त्याचे संरक्षण काढता येत नाही. लुइझियाना राज्याने २०१० पासून अन्नसाहाय्याच्या यादीवरूनच मुलांची नोंदणी केली, म्हणजे आपल्याकडे रेशनच्या यादीवरून करावी तशीच.

प्रतिसाद : डिचोली, गोवा

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला २०० आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ३०० रुपये भरून कार्ड घ्यावे लागते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. मला ही पद्धत योग्य वाटते. जे आपण मागून घेतो त्याची माहिती आपण ठेवतो. न मागता आलेल्या कार्डावर काय मिळते हे घरात कोणाला ठाऊक नसते. नूतनीकरणाच्या वेळी नवे बाळ कार्डावर आले की नाही हेही पाहिले जाते. पाच वर्षांच्या वास्तव्याच्या अटीमुळे परप्रांतीय मजुरांची मुले बाहेर राहतात ही उणीव मात्र मोठी आहे, आणि ती नूतनीकरणाने भरून निघत नाही.

प्रतिसाद : मांजराकाठ

डिचोलीच्या वाचकांना एवढेच विचारते, की नूतनीकरणाचे स्मरण ज्या घरात राहत नाही त्या घरातल्या मुलाचा त्यात काय दोष? देशातही हा प्रयोग झालेला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड मिळे, ते दर वर्षी नव्याने करावे लागे आणि त्यात कुटुंबातली फक्त पाच माणसे बसत. तिसरे-चौथे मूल किंवा म्हातारी आई यांच्यातून एकाला बाहेर ठेवावे लागे. २०१८ च्या योजनेने कुटुंबाच्या संख्येची मर्यादा काढून टाकली, हे तिचे मोठे पुण्य आहे. ती संख्या उघडल्यावर कागदाची दारे बंद ठेवण्यात काय अर्थ आहे?

पुरवठा शाखेतल्या ज्येष्ठांच्या आक्षेपावर माझे म्हणणे असे, की धान्याचा कोटा आणि उपचाराचा हक्क हे वेगळे करावेत. मूल कोणत्या कार्डावर धान्य घेईल हे ठरायला सहा महिने लागले तरी चालेल. पण शुभ्र कार्डासह सर्व कार्डे योजनेत आल्यानंतर ते आजोबांचे की बापाचे, यावर त्याचा उपचार अवलंबून ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

आणि सांगणारी व्यक्ती हवी, हे समाजसेविकाताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ती व्यक्ती गावात आहेच. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते, आणि त्यातली एक भेट एकविसाव्या दिवसाची असते. विलंब शुल्काशिवाय जन्म नोंदवण्याची मुदतही एकवीस दिवसांचीच आहे. बाळाचे वजन घेताना तिने नोंद झाली का, आईचे नाव कोणत्या कार्डावर आहे आणि प्रमाणपत्रावर बाळाचे नाव घातले का, एवढे विचारले तर पुढची निम्मी अडचण तिथेच सुटेल. हंगामात कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्मलेल्या बाळासाठी हेच काम कारखान्याच्या गावातल्या आशाताईंकडे असावे.

प्रतिसाद : पुरवठा शाखेतून निवृत्त

धान्य आणि उपचार वेगळे करण्याची सूचना विचार करण्याजोगी आहे, आणि ती मान्य झाल्यास माझा पहिला आक्षेप बराचसा मागे पडतो. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी सांगितलेला कुटुंबाच्या एकत्र तपासणीचा प्रकार आपल्याकडेही होऊ शकतो हेही मी मान्य करतो, कारण आपली शिधापत्रिका मुळात कुटुंबप्रमुखाच्या नावाने चालते.

आशाताईंवर हे काम टाकण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे. त्या पगारी कर्मचारी नाहीत, मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीस त्यांनी मोबदल्यासाठी राज्यभर संप केला होता. प्रत्येक नव्या योजनेची यादी त्यांच्याच वहीत लिहायला देणे बरोबर नाही. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला विवाहितेकडून मागणे बंद करावे आणि सासरच्या तहसिलीने तो माहेरच्या तहसिलीकडून स्वतः ऑनलाइन मागवावा. दोन्ही तहसिली एकाच खात्याच्या, एकाच संगणक प्रणालीवर आहेत. हे काम पुरवठा निरीक्षकाचे आहे आणि ते त्यानेच केले पाहिजे. कार्डावर आई आली तर तिच्याखाली मूल चढवायला आजच्या नियमांतही फारसा वेळ लागत नाही.