बॅन्शी ३५०: आधी स्प्रॉकेट बदलू की टायमिंग? सल्ला हवाय

वाळूवेडा_शारजा:
मंडळी, माझ्याकडे यामाहा बॅन्शी आहे, टू-स्ट्रोक एटीव्ही (चार चाकांची वाळूतली गाडी), २००४ चं मॉडेल. पोर्टिंग (सिलिंडरातली छिद्रं कोरून मोठी करणं) केलेलं नाही, पण टूमीचे टी५ एक्झॉस्ट पाइप, मोकळे फिल्टर, हाय कॉम्प्रेशन हेड आणि मागे वाळू उपसणारे पॅडल टायर लावलेत. स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) कंपनीचेच, पुढे १४ मागे ४१ दाते. अल बदायरला बिग रेड या वाळूच्या टेकडीवर चढताना तिसऱ्यात मस्त खेचते पण चौथा टाकला की आरपीएम धपकन पडतात, पाइपचा जोर लागतच नाही, परत तिसरा टाकेपर्यंत वेग गेलेला असतो. गॅरेजवाला म्हणतोय टायमिंग ४ डिग्री ॲडव्हान्स करून देतो, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर पडेल, सगळं सुटेल. करू का?

मस्कतकर_टूस्ट्रोक:
भाऊ, आधी पुढचं स्प्रॉकेट. तू सांगतोयस ते लक्षण गिअरिंगचं आहे. एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे तुझे ते फुगीर पाइप, ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच काम करतो, गिअर टाकल्यावर इंजिन त्या पट्ट्याच्या खाली पडलं तर टायमिंग कितीही पुढे घे, चढावर पॅडलचं ओझं असताना ते वर येणार नाही. १४/४१ म्हणजे २.९३ चा रेशो, पुढे १३ टाकलंस की ३.१५ होतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन साधारण पावणेआठ टक्के जास्त फिरेल. तेवढ्यात चौथा पकडतो की नाही ते त्याच चढावर बघ. टॉप स्पीड तेवढाच कमी होईल, पण टेकडीवर तो कुणाला हवाय! मागे ४४ दाते लावले तरी जवळपास हाच रेशो येतो आणि चेन मोठ्या वर्तुळात फिरते म्हणून झीज कमी, फक्त तेव्हा लांब चेन लागू शकते. १३ वर गेलास तर स्विंगआर्मवरचं रबर अधूनमधून बघत जा, चेन तिथे जास्त घासते.

आरडी_कोल्हापूर:
बॅन्शी चालवलेली नाही पण राजदूत ३५० वर टायमिंग भरपूर खेळलोय आणि बोअर-स्ट्रोक तोच, ६४ बाय ५४, ३४७ सीसी. तुमचं वॉटरकूल्ड आणि सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन), आमचं एअरकूल्ड आणि पॉइंट्सचं, एवढा फरक धरूनच वाचा. ॲडव्हान्स केलं की खालचा आणि मधला जोर नक्की वाढतो, थ्रॉटल दिला की गाडी लगेच उठते. पण वर ती लवकर दमते, कारण ठिणगी लवकर पडली की जळणातली जास्त उष्णता सिलिंडरातच राहते, पाइपात जाणारा धूर थंड होतो, त्यातल्या लाटा हळू होतात आणि पाइपचा पट्टा खाली सरकतो. वर त्या हेडमुळे डेटोनेशनची (मिश्रण स्फोटासारखं पेटण्याची) भीती! माझं मत, एकदम ४ नको, २ डिग्रीवर थांबा आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर भिंगातून बघा, ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण दिसले की तिथेच मागे या. ते कण तुमच्या पिस्टनचे असतात.

वाळूवेडा_शारजा:
दादा, तुम्ही आणि मस्कतकर दोघांनी डोळे उघडलेत. पेट्रोल ९८ च टाकतो, प्लग बीआर८ईएस आहेत. एक राहिलं सांगायचं, कधीकधी अर्ध्या थ्रॉटलला तडतड मिसफायर होतो, तो पण टायमिंगचाच असेल का?

मस्कतकर_टूस्ट्रोक:
टॉर्स, म्हणजे कंपनीची थ्रॉटलची सुरक्षा यंत्रणा, काढलंयस का? हँडलवर आणि कार्बच्या टोपणांत त्याचे स्विच असतात, थ्रॉटलची केबल ढिली असली की त्याला वाटतं कार्ब अडकलाय आणि ते ठिणगी तोडतं, आवाज अगदी तू म्हणतोयस तसाच तडतड. केबलचा प्ले नीट लाव, मग बघ. मिसफायर असताना टायमिंगला हात लावू नकोस, कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

आणि जेटिंग, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या जेटचं माप! गॅरेजवाले हेच विसरतात. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत बसवलेले जेट जानेवारीच्या पहाटे लीन होतात (पेट्रोल कमी पडतं) कारण हवा घट्ट असते, त्यात ॲडव्हान्स आणि कॉम्प्रेशन दोन्ही असलं तर पिस्टनला भोक पडायला एक लांब चढ पुरतो. तेव्हा थंडीत आधी मेन जेट वाढव, टायमिंग त्यानंतर. टायमिंगसाठी स्टेटरची प्लेट हलवायची वेळ आलीच तर फ्लायव्हीलला पुलर लागेल, हातोडी अजिबात नको, आणि जुन्या जागेची खूण प्लेट आणि केस दोन्हींवर कर. फ्लायव्हील ज्या दिशेला फिरतं त्याच्या उलट प्लेट सरकवली की ॲडव्हान्स होतं. टायमिंग लाइट लावून तपासल्याशिवाय वाळूत नेऊ नको.

वाळूवेडा_शारजा:
ठरलं, गॅरेजवाल्याला थांबवतो. आधी केबल, मग १३ चं स्प्रॉकेट. चेन कापावी लागेल का?

मस्कतकर_टूस्ट्रोक:
एका दातासाठी नाही, ॲक्सल थोडा मागे घे. फक्त जुनी चेन ताणली गेली असेल तर नव्या स्प्रॉकेटवर चढवू नकोस, ५२० ची नवीनच टाक, आणि ढील तू गाडीवर बसलेला असताना दुसऱ्याकडून मोजून घे.