मारहाणीतून सुटलेल्या बाईला पोटगी पुरे, की मालमत्तेत हिस्सा?

खानापूरवाली
आमच्या बेळगाव भागात घटस्फोटाचं ठरतं ते पंचांच्या बैठकीत. पोरीचा बाप एकरकमी आकडा ऐकून मान डोलावतो, संमतीच्या अर्जावर सह्या होतात. 'पुढे पोटगी मागणार नाही' हे त्यात ठळक असतं, मारहाण कुठंच नसते. परत त्या घरात जावं लागू नये म्हणून बाई मिळेल ते घेते.

कायद्यात सोय नाही असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 20 खाली दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, पोटगी. कलम 22 खाली छळाची भरपाई वेगळी. कलम 19 खाली राहण्याची सोय. घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याचं कलम 25. पण लग्नानंतर नवऱ्याच्या नावावर झालेल्या घरात, शेतात बायकोचा हिस्सा? शून्य. ऊस भांगलला, म्हशींच्या धारा काढल्या, ते कुणी मोजत नाही. माझ्या मते असा हिस्सा कायद्यानं मिळावा, आणि मारहाण सिद्ध झाली तर वाढीव मिळावा.

निपाणीचा शेतकरी
ताई, मारणाऱ्याला जेलमध्ये घाला, माझी ना नाही. पण पोटगी म्हणजे दंड नव्हे. प्रवीणकुमार जैन खटल्यात डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की रक्कम नवऱ्याला शिक्षा म्हणून ठरवू नये. इथं दोन एकरांत तीन भाऊ. त्यातून हिस्सा काढला तर म्हाताऱ्यांनी काय खायचं? आणि खोटे दावे टाकले जातच नाहीत असं छातीवर हात ठेवून सांगा बघू.

शहापूरची सून
दादा, त्याच निकालात बायकोला नीट जगता यावं असंही आहे, ते बरं गाळलंत! भरपाईचं कलम वेगळं ठेवलंय ते याचसाठी, म्हणजे मारहाणीचा हिशेब पोटगीत मिसळायला नको. खोट्याचं म्हणाल तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बायकोलाही.

चिकोडीचा वकील
ती प्रतिज्ञापत्रं मी रोज वाचतो. 'वडिलांच्या शेतात राबतो, स्वतःचं उत्पन्न काही नाही.' उतारा बापाच्या नावावर, कारखान्याचं बिल बापाच्या खात्यात, नवी बुलेट भावाच्या नावावर! अंजू गर्ग निकालात (2022) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना, बायकापोरांना पोसलं पाहिजे. त्यामुळं आदेश मिळतो, वसुलीला मात्र दमछाक होते. थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज टाकला नाही तर तेवढ्या रकमेचं वॉरंट निघत नाही. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144. काही बहाद्दर पैसे देण्यापेक्षा हिंडलग्याच्या जेलात महिना काढून येतात. त्यांना वाटतं फिटलं. फिटत नाही, जेल भोगली तरी रक्कम अंगावर राहते, हे 1989 पासून ठरलेलं आहे.

आता बायका आणि त्यांचे वकीलही विसरतात ती गोष्ट. कलम 25 मध्येच लिहिलंय की पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. तो उताऱ्यावर चढला की सोसायटी कर्ज देताना विचारते, गिऱ्हाईक जमीन घेताना विचारतं. मागितल्याशिवाय कोर्ट आपणहून क्वचितच देतं.

निपाणीचा शेतकरी
वकीलसाहेब, उतारा बापाच्या नावावर म्हणता, मग बोजा चढवणार कशावर?

चिकोडीचा वकील
जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर पोराचा जन्मतःच हिस्सा असतो, त्यावर मागता येतो. बापाची स्वकष्टार्जित असेल तर हात टेकले.

खानापूरवाली
आणि तिथंच आमची बाई रिकाम्या हातानं माहेरी येते.

वडगावचा मागवाला
जमिनीचं ऱ्हाऊ दे वो, सोन्याचं काय? माझ्या भनीचं गंठण आणि बिलवर दाजीनं पतसंस्थेत गहाण टाकलंय. पावती तेच्या नावची. विचारलं तर म्हणतो, घरासाठीच काढलं. घरात तर नवा नळसुदिक बसला नाय.

चिकोडीचा वकील
भाऊ, ते स्त्रीधन. नवऱ्यानं वापरलं तरी मालकी तिचीच. लग्नाची 'याद', म्हणजे देण्याघेण्याचा कागद, लिहिली होती ना, दोन्हीकडच्या सह्यांची? ती शोधा. भेटवस्तूंची यादी ठेवायचा नियम 1985 पासून आहे, आपल्याकडं ती या 'याद'च्या रूपानं आपसूक होते आणि नंतर ट्रंकेत पडून राहते. सराफाची बिलं, लग्नातले फोटोही जोडा.

हिंडलगा_माहेर
पुतणी चंदगडला दिलीय, सध्या आमच्याकडं आहे. दावा तिकडं महाराष्ट्रात जाऊनच टाकायचा का?

चिकोडीचा वकील
नाही. हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणं ती तात्पुरती राहते तिथंही अर्ज चालतो, आणि आदेश देशभर लागू होतो. सीमा आडवी येत नाही. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्नाची अट नाही.

निपाणीचा शेतकरी
बरं, लग्नानंतर दोघांच्या कष्टानं घेतलेल्या जागेत हिस्सा, इथवर मी येतो. वडिलोपार्जितला हात लावू देणार नाही. आणि बायकोच्या नावावरचा प्लॉटही हिशेबात धरायचा.

खानापूरवाली
धरा की. बायकोच्या नावावर प्लॉट असलेली किती घरं तुमच्या गल्लीत आहेत, तेवढं मात्र सांगा.