सेकंडहँड फोन लॉक आहे, उघडत नाही. तातडीने मदत हवी

गडबड्या:
सेकंडहँड फोन घेतलाय. चालू केला की पुढे जातच नाही, लॉक आहे. आईला द्यायचाय आणि ती शुक्रवारी गावी चालली आहे. यूट्यूबवरचं सगळं करून झालं. दुकानवाला लॉक काढायचे आठशे मागतोय. कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा.

पेठकर:
कुठला फोन? कसला लॉक? पॅटर्न, पिन, सिमचा, की खातं मागतोय? "दुखतंय" एवढ्यावर डॉक्टरसुद्धा गोळी देत नाही.

गडबड्या:
सॅमसंग.

पेठकर:
छान. आता पडद्यावर काय लिहून येतंय ते सांगणार का?

गडबड्या:
वायफाय जोडलं की म्हणतो फोन रीसेट झालाय, आधीचा पिन टाका नाहीतर आधी या फोनवर असलेलं गूगल खातं वापरा. माझं खातं टाकलं, घेत नाही.

जुगाडू नाना:
सोप्पंय! टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू करून मागच्या दाराने ब्राउझर उघडायचा आणि एक एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकायची. मेहुण्याचा असाच उघडून दिला. व्यनि (खासगी निरोप) करा, लिंक देतो.

सायली_के:
नाना, मेहुण्याचा फोन कुठल्या जमान्यातला? या पळवाटा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेचं अपडेट, आला की बुजतात. आणि कुठून कुठून उतरवलेली एपीके ज्या फोनवर बसवली, त्यावर यांच्या आई यूपीआय वापरणार?

गडबड्या, याला एफआरपी म्हणतात, फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर आलं. चोराने फोन पुसून विकला तरी घेणाऱ्याला वापरता येऊ नये, हा हेतू. सेटिंगमध्ये जाऊन आधी खातं काढलं आणि मग रीसेट मारला तर हा पडदा येत नाही. बटणं दाबून मारला की येतो. रीसेट कुणी केला?

गडबड्या:
विकणाऱ्यानेच. माझ्यासमोर पॉवर आणि आवाजाचं बटण दाबून. म्हणाला, एकदम कोरा करून देतो.

फटकळ:
बिल आहे का? नसेल तर चोरीचा समजा.

गडबड्या:
चोरीचा नाहीये हो! ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा माणूस आहे. खोका मिळालाय, बिल शोधून देतो म्हणालाय.

फटकळ:
"शोधून देतो" बरंच ऐकलंय. चिडू नका, खात्री करा. इमर्जन्सी कॉलमध्ये *#०६# दाबलं की बऱ्याच फोनवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्याशी ताडून पाहा. मग इंग्रजीत केवायएम (KYM), एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि १४४२२ वर एसएमएस. दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवरही तेच कळतं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर सरळ पैसे परत मागा.

आजोबा_ऑनलाइन:
आईंसाठी आहे म्हणून सांगतो, फोन मराठीत करून द्या. सेटिंग, जनरल मॅनेजमेंट, लँग्वेज. कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून बोललं की आपोआप टाइप होतं. मी हा प्रतिसाद बोलूनच लिहिला आहे पूर्णविराम

गडबड्या:
आजोबा, आधी उघडू तर द्या!

बोरिवली_फास्ट:
म्हणून मी आयफोन घेतो. तिथे २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, पण मूळ मालक घरबसल्या आयक्लाउडवर जाऊन फोन आपल्या खात्यातून काढू शकतो.

पेठकर:
गूगललाही वेबवर "तुमची उपकरणं" असतं की.

सायली_के:
तिथून साइन आउट होतं. फोनवरचं कुलूप त्याने सुटेलच असं नाही. विकणाऱ्यालाच बोलवा आणि त्याच्याच हाताने खातं टाकून घ्या.

गडबड्या:
आयएमईआय जुळला, एसएमएसचं उत्तरही ठीक आलं. त्या माणसाला फोन केला. पिन आठवत नाही, म्हणे अंगठ्यानेच उघडायचो. पासवर्डही आठवत नव्हता, तो त्याने नवीन केला आणि मला पाठवला. तरी घेत नाही!! आता काय?

सायली_के:
पासवर्ड बदलला ना, मग २४ तास थांबा. गूगलच्या मदतपानावरच लिहिलंय. अधीर होऊन परत बदलायला लावू नका. आणि दुसऱ्याचा पासवर्ड मेसेजमध्ये कशाला घेताय? त्याला त्याच्या चालू फोनसकट बोलवा, पडताळणीचा कोड त्यावर येईल. उघडला की गूगल खातं काढा, सॅमसंग खातं असेल तर तेही काढा, त्याचं कुलूप निराळं असतं. मग सेटिंगमधूनच रीसेट.

जुगाडू नाना:
२४ तास? आपल्या लिंकने दहा मिनिटं.

पेठकर:
नाना, लिंक टाकलीत तर संपादकांना कळवणार.

जुगाडू नाना:
मदत करणाऱ्यालाच झोडा. चालू द्या.

फटकळ:
अवांतर: उघडल्यावर सॉफ्टवेअरच्या माहितीत शेवटचा सिक्युरिटी पॅच कधीचा आहे तेही बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्यावर बँकेचं ॲप नकोच.

गडबड्या:
उघडला! तो येऊन पासवर्ड टाकून गेला. फोनवर सॅमसंगचं खातंही सापडलं, तेही त्याच्याकडून काढून घेतलं. पॅच यंदाचा आहे. आता आईचं सिम बसत नाही, जुनं मोठं सिम आहे. कापून चालेल का?

जुगाडू नाना:
चालतं की! बारीक कात्री घ्या आणि

सायली_के:
कापू नका. आईंना घेऊन सिम कंपनीच्या दुकानात जा, नॅनो सिम मिळेल. फक्त सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात.

गडबड्या:
परत २४ तास??? उद्या सकाळची एसटी आहे. व्हॉट्सॲप तरी कसं सुरू करू?

सायली_के:
कॉल चालू असतात. कोड एसएमएसने न मागवता कॉलवर मागवा. यूपीआय मात्र परवावर ठेवा, नोंदणीला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो.